चार बोटं हवा

तपासनीस बाई आल्या तेव्हा मी मिरचीत होते, कोपरापर्यंत.
त्यांनी पेनाच्या टोकानं लाकडी फळी नुसती खरवडली
आणि भुसा पडला त्यांच्या पांढऱ्या बुटावर.
"कीड," म्हणाल्या,
पावती फाडावी तसं.
पंधरा दिवस. लाकूड बाहेर, नाहीतर तू.

म्हणून आज तेमा बंदराच्या मागे
ओडार्तेच्या आवारात उभी आहे,
पाकीट छातीशी धरून.
पाकिटात शितोच्या सहाशे बरण्या,
मिरची, आलं, सुकट,
नोटा होऊन बसलेल्या.

समोर प्लास्टिकच्या पॅलेटांचे मनोरे.
निळी, करडी, काळी. काळी सगळ्यांत स्वस्त.
"वितळवून पुन्हा ओतलेली," ओडार्ते सांगतो,
"कुणाच्या बादल्या, कुणाच्या खुर्च्या, कुणास ठाऊक."
नव्या एकाच्या पैशांत इथे चार येतात.
आणि वापरलेल्या वस्तूकडे निदान एक दाखला असतो:
ती अजून मोडलेली नाही.

एक ओढून उन्हात आणते. पालथं घालते.
नऊ पाय मोजते.
केसाएवढी चीर शोधते, अंडं उजेडाकडे धरून शोधतात तशी.
वास घेते. साबण. मग मासळी.
मग साबणाखालून पुन्हा मासळी.
मग चपला काढून वर चढते आणि उडी मारते.
ओडार्तेची पोरं हसतात.
हसू देत. बावन्न खोक्यांचं वजन
मी नाही तर कोण होणार?

तिसरं कुरकुरलं. बाजूला.
सातवं उन्हात राहून खडूसारखं झालेलं,
नखाला पांढरं लागतं. बाजूला.
"मादाम जिफा, लग्न जुळवताय का?"
लग्नात एवढं कोण बघतं, बाबा.

मागे ताडपत्रीखाली एक वेगळी थप्पी.
निळी, धडधाकट, एकसारखी,
आणि प्रत्येकाच्या कडेवर, जिथे नाव असतं,
तिथे गरम पात्यानं ओढलेली आडवी जखम.
"ही निम्म्यात," तो म्हणतो, आवाजही निम्मा करून.
मी बोट फिरवते. अक्षरं गेलीत, खोली राहिली आहे.
"कुणाची?"
"समुद्राची."
समुद्रानं इतकं नीट काही खरडलेलं
मी कधी पाहिलं नाही.

निम्म्यात म्हणजे चाळीस येतील.
टेम्पोचं भाडं सुटेल, वर तेलाचा एक डबा.
बोटांवर हिशेब होतो, पुन्हा होतो,
दर वेळी तोच येतो.

गेल्या वर्षी आशायमानच्या बाजारात
एकीनं माझीच बरणी मला विकायला धरली होती,
लेबल सोलून.
काचेवर गोंदाचा चौकोन तेवढा उरलेला,
अंगठा चिकटला त्याला.

मी ताडपत्री पुन्हा नीट ओढते.
"सव्वीस," म्हणते, "तिकडची."
मग घासाघीस, मग पाणी, मग पुन्हा घासाघीस.
शेवटी चोवीसचे पैसे,
आणि दोन पॅलेटं सहा बरण्यांवर,
कारण त्याच्या बायकोला तिखट लागतं
आणि त्याला बायको.

संध्याकाळी सेलासीनं पाइप धरला, मी ब्रश.
पॅलेटांच्या पोटातून निघालं काय काय:
द्राक्षांच्या सुकलेल्या काड्या, एक वाकडा खिळा,
न वाचता येणाऱ्या लिपीतला कागदाचा कपटा.
तो मी वाळत घातला. का, ते विचारू नका.

रात्री खोकी चढली.
गुडघे टेकून खाली बॅटरी मारली:
आरपार, पलीकडच्या भिंतीपर्यंत.
एवढंच विकत घेतलं मी शेवटी,
फरशी आणि धंदा यांच्यामध्ये
चार बोटं हवा.

एक पॅलेट डुगडुगतं. फरशीच खचली आहे तिथे,
त्याचा दोष नाही. बरणीचं झाकण सरकवलं खाली.
चौदा खोकी अजून पलंगाखाली आहेत.
तपासनीस बाईंना
पलंग दाखवायचा नाही.